विषय निवडताना : पुढचे अजून ठरलेले नाही अशा विद्यार्थ्यांसाठी



बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "आता पुढे काय?" ज्याने डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हावयाचे ठरविले आहे आणि ज्याला तेवढे गुणही आहेत, त्याचे उत्तर तयार असते. परंतु आपल्यापैकी बहुसंख्य मुले-मुली कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या साध्या पदवीकडे वळतात. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नसते आणि घरात विचारावे असे कोणी शिकलेले नसते. अशा वेळी प्रवेश अर्जावर 'मुख्य विषय' असा एक रकाना समोर येतो. शेजारी उभ्या असलेल्या मित्राने जे लिहिले तेच लिहून अर्ज खिडकीत सरकविला जातो. तीन वर्षांचे भवितव्य तीन मिनिटांत ठरते.

हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. अठराव्या वर्षी आपले पुढचे आयुष्य ठरलेले नसणे हा काही दोष नव्हे. मात्र ठरलेले नाही म्हणून विषय कसाही निवडणे हे नुकसानीचे आहे.

विषय निवडणे हा मिळविलेला हक्क आहे

शाळेत असताना बाबासाहेबांना संस्कृत शिकावयाचे होते. परंतु अस्पृश्य विद्यार्थ्याला संस्कृत शिकविण्यास शिक्षक तयार नव्हते. त्यामुळे त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृतचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने केला. ज्या समाजाच्या मुलाला विषय निवडण्याचाच अधिकार नव्हता, त्याच समाजाच्या मुलामुलींसमोर आज विषयांची लांबलचक यादी आहे. ही यादी सहज मिळालेली नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद. त्यानंतर आपल्यातील कित्येकांच्या घरात पहिला पदवीधर झाला. म्हणून त्या रकान्यात काय लिहावयाचे याचा विचार करणे हे आपले कर्तव्यच आहे.

बाबासाहेबांच्या शिक्षणातून काय शिकावे?

एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाल्यावर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन या भाषांचेही प्राथमिक शिक्षण घेतले. भारतातील जातिसंस्थेवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे.

आता त्यांच्या नोकरीचे काय झाले ते पाहा. शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांना बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करावयाची होती. म्हणजे त्यांचे 'करिअर' कागदावर ठरलेले होते. १९१७ साली ते बडोद्याला रुजू झाले. परंतु कचेरीत अपमान आणि शहरात राहावयास जागा नाही, अशा स्थितीत थोड्याच काळात त्यांना ती नोकरी सोडावी लागली. ठरलेली नोकरी गेली, मिळविलेली विद्या राहिली. त्याच अर्थशास्त्राच्या बळावर १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढे हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली. अर्थशास्त्राबरोबर कायद्याचा अभ्यासही चालूच होता. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले, १९२३ पासून वकिली सुरू केली, आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाच्या मसुदा समितीची स्थापना झाली, तिचे ते अध्यक्ष झाले.

बाबासाहेबांची बुद्धिमत्ता आणि परिश्रम यांच्याशी आपली तुलना होऊ शकत नाही, हे खरे. परंतु त्यांची पद्धत आपल्याला घेता येते : एक विषय खोल, आजूबाजूचे विषय जाणीवपूर्वक निवडलेले, आणि उपजीविकेसाठी एक स्वतंत्र साधन. नोकरी बदलली तरी या तीन गोष्टी आपल्याजवळ राहतात.

पदवीचा विषय आणि नोकरी यांचे खरे नाते

"हा विषय घेतला तर नोकरी कोणती मिळेल?" असे पालक विचारतात. प्रश्न योग्य आहे, परंतु साध्या पदवीच्या बाबतीत त्याचे उत्तर बऱ्याच अंशी वेगळे आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, आणि वैकल्पिक विषय पदवीचाच असावा असे बंधन नाही. राज्यसेवेतील उपजिल्हाधिकारी, तहसीलदार यांसारख्या पदांनाही कोणतीही पदवी चालते. राष्ट्रीयीकृत बँकांतील लिपिक व अधिकारी पदांचेही तसेच आहे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक आहे. बँकेच्या काउंटरवर वनस्पतिशास्त्राचा पदवीधर आणि इतिहासाचा पदवीधर शेजारी बसून एकच काम करताना दिसतात. तीन वर्षांचे एल. एल. बी., एम. बी. ए., एम. एस. डब्ल्यू., पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र या अभ्यासक्रमांनाही कोणत्याही शाखेच्या पदवीवर जाता येते.

मग तेथे काय पाहतात? गुण. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी पदवीला किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जातींसाठी ४० टक्के गुण लागतात. बी. एड. साठी ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि ४५ टक्के आहे. रिझर्व्ह बँकेच्या 'ब' श्रेणीतील सर्वसाधारण अधिकारी पदासाठी पदवीला ६० टक्के आणि अनुसूचित जातींसाठी ५० टक्के गुण मागतात. म्हणजे, प्रतिष्ठेचा म्हणून घेतलेल्या विषयात ४१ टक्के मिळविणाऱ्यापेक्षा आवडीच्या विषयात ६२ टक्के मिळविणाऱ्यासमोर जास्त दारे उघडी असतात. पुढचे ठरलेले नसेल तेव्हा ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

कोणती दारे बंद होतात?

तथापि "कोणताही विषय घ्या, सारखेच" असे समजणे चुकीचे आहे. काही दारे विषयावरूनच उघडतात. ती आधी माहीत असावीत.

(१) विज्ञान शाखेतून कला शाखेत येता येते. कला शाखेतून बारावी झाल्यावर भौतिकशास्त्राच्या पदवीला सहसा जाता येत नाही. ज्याचे मन दोलायमान आहे आणि ज्याला विज्ञान झेपते, त्याने हे ध्यानात ठेवावे.

(२) भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीला संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो किंवा त्यातील पदव्युत्तर पदवी लागते. भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्र किंवा त्याच्या उपशाखेतील पदव्युत्तर पदवी लागते. अर्थशास्त्रात वरच्या पातळीवर जावयाचे तर गणिताला पाठ दाखवून चालत नाही.

(३) एम. सी. ए. कडे वळू पाहणाऱ्याला गणिताचा आधार लागतो. वनसेवा, कृषिसेवा यांना ठराविक विषयांचीच पदवी मागतात.

(४) शिक्षक व्हावयाची शक्यता मनात असेल तर शाळेत शिकविला जाणारा विषय, म्हणजे भाषा, इतिहास, भूगोल, गणित, विज्ञान यांपैकी एखादा, पदवीला असणे सोयीचे.

(५) प्राध्यापक व्हावयाचे असल्यास ज्या विषयात एम. ए. किंवा एम. एस्सी. कराल त्याच विषयात नेट किंवा सेट द्यावी लागते. चिकित्सालयीन मानसशास्त्रासारख्या क्षेत्रात मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आवश्यक असते.

ही यादी वाचून घाबरण्याचे कारण नाही. आपल्या मनात ज्या दोन-तीन शक्यता आहेत त्या एका कागदावर लिहाव्यात, आणि निवडलेल्या विषयामुळे त्यांतील एखादी कायमची बंद होते काय, एवढेच तपासावे. बंद होत नसेल तर निश्चिंत व्हावे.

नव्या धोरणातील सोय आणि सावधानता

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची रचना बदलली आहे. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. त्यात मुख्य विषय, त्याच्या जोडीला दुय्यम विषय, दुसऱ्या शाखेतील खुले ऐच्छिक विषय आणि कौशल्य विषय असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात दुसऱ्या सत्राच्या शेवटी मुख्य विषय बदलून मागण्याची मुभा आहे. अर्थात तो विषय आपल्या महाविद्यालयात शिकविला जात असला पाहिजे व त्यात जागा असली पाहिजे. म्हणून प्रवेश घेतानाच माहितीपत्रक नीट वाचावे. आपल्याला शक्य वाटणारे दोन्ही विषय जेथे आहेत ते महाविद्यालय निवडणे शहाणपणाचे.

ज्याचे ठरलेले नाही त्याला ही रचना उपयोगाची आहे. आवडीचा विषय मुख्य ठेवावा आणि दार उघडणारा विषय दुय्यम घ्यावा. अर्थशास्त्राला संख्याशास्त्राची जोड द्यावी. मराठीला इंग्रजीची जोड दिली तर शिक्षकी पेशा, भाषांतर, वृत्तपत्र असे तीन मार्ग मोकळे राहतात. मानसशास्त्राला समाजशास्त्राची जोड समाजकार्याकडे नेते. इतिहासाला राज्यशास्त्राची जोड स्पर्धा परीक्षेच्या सामान्य अध्ययनास उपयोगी पडते.

मात्र एक धोका सांगितलाच पाहिजे. या रचनेत एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी मिळते. घरची अडचण आली की "एक वर्षाचे प्रमाणपत्र मिळते आहे ना, पुरे झाले" असे म्हणण्याचा मोह होईल. ते प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. पदवीची अट असलेल्या कोणत्याही परीक्षेस त्यावर बसता येत नाही. विशेषतः मुलींच्या बाबतीत, एकदा शिक्षण सुटले की लग्नाची बोलणी सुरू होतात आणि परतीची वाट राहत नाही. नाइलाजाने थांबावेच लागले तर तीन वर्षांच्या आत परत येण्याची तरतूद आहे आणि मिळविलेले श्रेयांक जमा राहतात, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

कालामांना दिलेली कसोटी

अंगुत्तर निकायातील केसमुत्ति सुत्तात तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आपल्याला परिचित आहे. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये. स्वतः पारखून, हितकारक आहे असे कळल्यावर स्वीकारावी. विषयनिवडीला ही कसोटी तंतोतंत लागू पडते. मित्राने घेतला म्हणून, मोठ्या भावाच्या नोट्स घरात आहेत म्हणून, सर गुण सढळ हाताने देतात असे ऐकले म्हणून, किंवा क्लासच्या जाहिरातीत छापले म्हणून विषय घेऊ नये. पारखण्यासाठी पुढील तीन गोष्टी कराव्यात. त्यांना पैसे लागत नाहीत.

पहिली : विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या विषयाचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका मिळवाव्यात. पहिले वर्ष सर्वच विषयांचे सोपे असते. खरा विषय शेवटच्या वर्षी दिसतो.

दुसरी : त्या विषयाचे प्रथम वर्षाचे पाठ्यपुस्तक ग्रंथालयातून आणून सात दिवस रोज एक तास वाचावे. परीक्षा नाही, कोणी विचारणार नाही. सातव्या दिवशी आठवे पान उलटावेसे वाटते की पुस्तक परत करावेसे वाटते, ते प्रामाणिकपणे पाहावे. दोन विषयांत निवड होत नसेल तर दोन्ही असेच वाचावेत.

तिसरी : दोन माणसांना भेटावे. एक तो विषय शिकविणारा आणि दुसरा तो विषय घेऊन चार-पाच वर्षांपूर्वी पदवी मिळविलेला. दुसऱ्याला "विषय कसा आहे?" असे विचारण्याऐवजी "तुम्ही आज काय करता आणि तेथे कसे पोहोचलात?" असे विचारावे.

पैशाचा हिशेब

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा आपल्या मुलांच्या शिक्षणाचा कणा आहे. २०२१ च्या नियमावलीत तिची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि महाराष्ट्रात तिचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो. तिच्या एका नियमाकडे दुर्लक्ष होते. एक पदवी पूर्ण झाल्यावर त्याच पातळीची दुसरी पदवी, उदाहरणार्थ बी. ए. नंतर बी. कॉम., करू लागल्यास ही शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणून "आधी हे करू, नाही जमले तर पुन्हा पहिल्यापासून दुसरे करू" हा विचार आपल्याला परवडणारा नाही. बदल करावयाचाच असेल तर पहिल्या वर्षाच्या आत, आणि समाजकल्याण कार्यालयात विचारून करावा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिचाही लाभ घ्यावा.

परदेशी शिक्षणाचे स्वप्न असणाऱ्यांनीही नियम पाहूनच विषय ठरवावा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमावलीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. ज्या विषयांत बाबासाहेबांनी मोलाचे लेखन केले तेच विषय वगळले जावेत, याचा खेद वाटतो. परंतु ज्या वर्षी अर्ज करावयाचा त्या वर्षीची नियमावली वाचणे हे आपल्या हाती आहे.

कर्जाबद्दल बँकेतील माणूस म्हणून दोन शब्द. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकते आणि हप्ते साधारणतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात. पण शिकत असतानाही व्याजाची आकारणी चालू असते. अनुदानित महाविद्यालयातील साध्या पदवीला कर्जाची गरज सहसा पडत नाही. चकचकीत नावाच्या, भरमसाट शुल्काच्या अभ्यासक्रमासाठी, पुढे काय करावयाचे हे ठरलेले नसताना, घरावर कर्ज चढवू नये. कर्ज काढावयाचे ते दिशा ठरल्यावर.

पाली घेऊ का?

आपल्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो, म्हणून थोडे लिहितो. धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. मुंबई व पुणे विद्यापीठांत तिचे अध्यापन होते आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दुसरी बाजू अशी की २०१३ साली संघ लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांतून पाली वगळली गेली. म्हणजे केवळ स्पर्धा परीक्षेसाठी पाली घेण्याचे दिवस गेले. संशोधनाची, अध्यापनाची खरी ओढ असेल त्याने ती जरूर मुख्य विषय म्हणून घ्यावी. इतरांनी दुय्यम किंवा ऐच्छिक विषय म्हणून घेतली तरी त्रिपिटक मुळातून वाचण्याचे दार उघडते, आणि हा लाभ लहान नाही.

पालक आणि मंडळे

पालकांना विनंती की मुलाला "तू काय होणार?" असे वारंवार विचारू नये. "या महिन्यात काय वाचलेस?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल गप्प होते, दुसऱ्याने बोलू लागते. कला शाखा म्हणजे नापासांची शाखा, हा समजही सोडून द्यावा. ज्यांच्या प्रतिमेला आपण हार घालतो ते अर्थशास्त्राचे, इतिहासाचे, समाजशास्त्राचे विद्यार्थी होते.

आपल्या मंडळांनी गुणवंतांच्या सत्काराबरोबर निकालानंतरच्या पहिल्या रविवारी विहारात एक बैठक ठेवावी. वस्तीतील पदवीधरांनी आपापला विषय आणि आपले काम यांविषयी दहा-दहा मिनिटे सांगावे. ज्याच्या घरात विचारावयास कोणी नाही, त्याला विचारावयास अख्खा विहार मिळेल.

मज्झिम निकायात तथागतांनी तराफ्याची उपमा दिली आहे. तराफा नदी पार करण्यासाठी असतो, पैलतीरी गेल्यावर डोक्यावर घेऊन फिरण्यासाठी नव्हे. पदवीचा विषयही असाच. तो आपली ओळख नव्हे, आपले साधन आहे. पुढचा किनारा आज स्पष्ट दिसत नसला तरी तराफा मजबूत बांधणे आपल्या हाती आहे. जो विषय तीन वर्षे मनापासून अभ्यासता येईल, ज्यात गुण चांगले मिळतील आणि जो आपल्या शक्यतांची दारे बंद करणार नाही, तो विषय घ्यावा आणि मग मागे वळून न पाहता अभ्यासाला लागावे. सम्यक आजीविकेचा मार्ग तेथूनच पुढे जातो.

जय भीम! नमो बुद्धाय!